मधले ठिपके

दुकानाच्या काचेत एक भुंगा
गेली तीन वर्षं त्याच पानावर चढतोय.
त्याच्या पाठीवरचं दव, दवात उलटं आभाळ,
आणि नीट पाहिलं तर
कॅमेरावाल्याची टोपीसुद्धा.
दीड मिनिटाची फीत. संपली की भुंगा पुन्हा खाली.

ओगा बंदरात मी विजेची उपकरणं विकतो. कुरामोची.
वडील रेडिओ विकायचे, त्यांच्याकडे निदान आवाज तरी होता.
नव्या पडद्यावर दाखवायला माझ्याकडे
एवढा एक भुंगाच.

तरी तातेवाकीबाईंनी टीव्ही घेतला.
नवऱ्याच्या विम्यातले उरलेसुरले, लिफाफ्यात, दोनदा मोजून.
आत न्यायला दार बिजागरीतून काढावं लागलं.
"आता दाखवा."
मी म्हणालो, प्रक्षेपण अजून यायचंय.
"म्हणजे देव्हारा आला, देव यायचाय?"
तसंच काहीसं.

वसंतात येईल, म्हणालो.
वसंतात म्हणालो, पानं गळताना.
मग वेगळी डबी लागली.
डबी आली तर केबल जुनी निघाली,
मग छपरावरची ताटली, मग ताटलीचं शिंग,
मग नखाएवढं एक कार्ड, जे टपालाने यायचं
आणि बर्फात गाड्या बंद.
दर वेळी मी शिडी लावायचो,
दर वेळी त्या धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं पुढे करायच्या
आणि दर वेळी मुळा जरा जास्त मुरलेला असायचा.

तोवर टीव्ही काही रिकामा बसला नव्हता.
जुनं चित्र यायचं, विरळ ठिपक्यांचं,
मधल्या जागा तो मनानेच भरायचा.
हवामान सांगणारी मुलगी, सुमो, तांदळाची जाहिरात,
सगळे गुळगुळीत,
नुकतेच अंघोळ करून आल्यासारखे.

एके दिवशी त्यांनी कपाटातून कॅसेट काढली.
मी वायरी जोडल्या.
धक्का, डिसेंबर,
ढग गडगडले की हाताहाता नावाची मासळी
किनाऱ्याला लागते, तो दिवस.
जाळ्यात पाठमोरा योशिजिरो. वळतो. हसतो.
तेव्हाच्या कॅमेऱ्याने त्याचा चेहरा
वाटाण्याएवढाच टिपला होता,
टीव्हीने तो ताटाएवढा केला.
सुरकुत्या पुसल्या, दोन दात बसवले,
भुवईवरची गळाची खूण
कळली नाही म्हणून गाळून टाकली.

बाई पडद्याजवळ गेल्या, इतक्या
की काचेवर श्वासाचा डाग पडला.
"हा कोण?"

मी रिमोट घेतला. चित्र, त्यात प्रगत, त्यात आणखी काही.
सातव्या चौकटीत सापडलं ते बटण. बंद केलं.
योशिजिरो परत धूसर झाला,
कडा विसकटल्या,
चेहऱ्याच्या जागी सहा-सात तपकिरी चौकोन.
"हां," त्या म्हणाल्या. "हेच."

खरं प्रक्षेपण आलं ते पुढच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी,
कुणी काही वाजवलं-गाजवलं नाही.
चॅनेल बदलता बदलता लागलं.
कुठला तरी समुद्र. लाट फुटली
आणि प्रत्येक थेंब वेगळा पडला.
मी विकतो म्हणून सांगत नाही,
अंगावर काटा आला.
बाई बराच वेळ बघत होत्या, हात मांडीवर.
मग म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे.
पण हा आपल्या बाजूचा समुद्र नाही."
आणि मुळा पुढे केला.

परतलो तर काचेत भुंगा.
आता त्याची गरज नव्हती, दाखवायला
खूप काही येणार होतं, येतच राहणार होतं.
बटणाकडे हात गेला.
तो नेमका पानाच्या मध्यावर होता,
मागचा एक पाय हवेत.

म्हटलं, चढू दे.