चाचणी आदल्या दिवशी होते

तुम्ही टीव्हीवर बघता त्या खुर्चीला
एकही वायर जोडलेली नसते.
खरं काम आदल्या दिवशी उरकतं,
सोफियात, स्टुडिओच्या पिछाडीला,
झाडू-बादल्यांच्या खोलीशेजारी.
तिथे मी बसतो. बावीस वर्षं पोलिसात काढलेला,
आता एपिसोडमागे पैसे घेणारा.
छातीभोवती दोन नळ्या, दंडाला पट्टा,
दोन बोटांना चिमटे,
आणि एकच ताकीद : मान हलवायची नाही.
आमच्याकडे मान आडवी हलली की हो,
खालीवर हलली की नाही.
पाहुणे आठवडाभर नको असलेली कॉफी पीत राहतात.
यंत्राला मात्र दोन्ही सारखंच, नुसता धक्का.

रालित्सा व्रात्साहून आली, पहाटेच्या बसने.
दुसऱ्याच्या बेकरीत कामाला. स्वतःची भट्टी हवी होती.
नखांच्या कडेला पीठ, चिमटा नीट बसेना,
मी ओल्या फडक्याने बोटं पुसली
तर म्हणाली, माफ करा.

आधी साधे प्रश्न.
तुझं नाव रालित्सा? हो.
कधी चंद्रावर गेली आहेस? नाही.
आज गुरुवार? हो.
सुई गप्प, उन्हात निजलेल्या मांजरीसारखी.
बुधवार होता.
मी काही बोललो नाही. रकान्यात लिहिलं : खरं.

मग एकेक.
शिळा पाव ताजा म्हणून विकलास? हो.
नवऱ्याचे खिसे चाचपलेस? हो, आणि हसली,
मला तो प्रश्न पुन्हा घ्यावा लागला.
एकोणचाळिसावा :
तुझा बाप चांगला माणूस आहे, असं तुला वाटतं?

बापाचं नाव दोब्री.
आमच्या भाषेत त्याचा अर्थच चांगला.
प्रश्न लिहिणाऱ्या पोराने ओठ चावत लिहिला असणार.

ती म्हणाली, हो.
सुई उडाली.
पण उडाली ती 'बाप' या शब्दाला,
'चांगला' अजून माझ्या तोंडातच होता.
शिवाय शेजारच्या खोलीत एक बादली पडली.
आधी पडली की नंतर?
कागदावर बादली उमटत नाही.
रकाने दोनच. तिसरा एकदा मागून पाहिला,
तर निर्मातीबाई म्हणाल्या,
तिसऱ्या रकान्याआधी मी जाहिरात कशी लावू?

दुसऱ्या दिवशी दोब्री पहिल्या रांगेत.
नवा कोट, बाहीवर दुकानाचं लेबल तसंच.
अकरा प्रश्न पार झाले, वीस हजार लेव्ह समोर आले,
आणि तिने बापाकडे बघत तेच सांगितलं : हो.
मग कपड्यांचा साबण. मग एक बँक.
मग त्या बाईचा आधीच भरून ठेवलेला आवाज :
खोटं.
टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.
कॅमेरा बापावर गेला.
त्याची मान हलली, सावकाश, आडवी.
हाच भाग दुसऱ्या देशात दाखवला असता
तर लोक म्हणाले असते,
बिचारा नाकबूल करतोय.

रात्री ट्रामच्या थांब्यावर तो एकटाच.
मुलगी आत कागदांवर सह्या करत होती.
मला ओळखलं कसं, देव जाणे, बॅगेवरून असेल.
भांडला नाही.
एवढंच विचारलं, "सुई किती उडाली?"
अंगठा आणि तर्जनी जमेल तितकी ताणली.
"इतकी?"

मी बॅग खाली ठेवली.
त्याचा हात धरून दोन्ही बोटं जवळ आणली,
आणखी थोडी,
गव्हाचा दाणा जेमतेम सरकेल इतकी.

तो त्या फटीकडे बघत राहिला.
ट्राम आली, दारं उघडली, मिटली.
त्याचा हात तसाच हवेत,
बोटांत धरलेलं काही सांडू नये
असा.