येळ्ळूर रस्त्यावर

डॉक्टर म्हणाले, चाला. बाकी काही नको.
मग पहाटे वडगाव सोडून
एकेक पाऊल बघत टाकतो.

चाळीस वर्षं खड्ड्यातल्या मागावर
पाय पावड्या दाबत होते.
केवढं चाललो,
जागच्या जागी.

आता श्वास आत, एक.
श्वास बाहेर, एरडु.
मूरु म्हटल्यावर कळतं
कुठल्या भाषेत मोजतोय ते,
हसू येतं, मोजणं चुकतं.

कापलेल्या भाताचा ओला वास.
समोरून चन्नव्वा, दुधाची किटली हलवत:
"एल्लिगे होंटीरी, मामा?"
कुठंच नाही, म्हणतो.
तिला ते पटतं.

डाव्या चपलेत एक खडा आहे,
मघापासून.
काढत नाही.
मन लांब गेलं की
तोच धोट्यासारखा
मला परत इकडे फेकतो.