ओल आहे, साहेब

बराक नंबर सातला दर दिवाळीआधी चुना लागतो.
तो मी लावतो. माझ्याआधी पाष्टे लावायचे,
पाष्ट्यांच्या आधी त्यांचे सासरे,
त्यांच्याआधी कोण, ते कुलाब्याच्या समुद्राला विचारा.
इथला सगळ्यांत जुना नोकर तोच, बिनपेन्शनीचा.

भिंती दोन हात जाड. आत बारमाही भाद्रपद.
पंख्याच्या दोरीसाठी गोऱ्यांनी पाडलेली भोकं
चिमण्यांनी केव्हाच ताब्यात घेतली, कागदपत्र न करता.
बंदुकांच्या घोडीवर ओले टॉवेल,
एका सॉकेटवर सात मोबाइल,
झुंझुनू, चंदगड, पिथौरागड, सगळ्यांचा घाम एकच,
आणि वारा फिरला की वर सुक्या बोंबलांचा वास.

त्या वर्षी खरवडताना पोपडा निघाला, भाकरीएवढा.
खाली चुना, त्याखाली निळसर, त्याखाली पिवळा,
आणि पार तळाशी खिळ्याने ओढलेल्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
मोजल्या मी. एकतीस जुड्या, शेवटी तीन सुट्या.
नाव नाही. सालही नाही.

पटकीने गेला, का बोटीने गेला,
का नुसता मोजायलाच कंटाळला?
पलीकडे चर्चमध्ये दगडांवर नावं आहेत पुष्कळ,
पण कुठल्या नावाला ह्या रेघा लावायच्या?
कुंचल्यातून चुना चपलेवर ठिबकत होता.

शनिवारी इन्स्पेक्शन. सुभेदार थापलियाल थबकले.
'ये क्यों छोडा?'
म्हटलं, ओल आहे साहेब, चुना धरत नाही.
ते वाकले. शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं.
त्यांच्या पेन्शनीला तेव्हा पाच महिने होते.
रजिस्टरात लिहिलं: ओल.

चौदा वर्षं कुंचला त्या जागेला वळसा घालतो,
देवळात कुणी पोथी वाचत बसलेलं असावं, तसा.

यंदा त्या भिंतीशी गावड्याची खाट. मिसरूड नुकतंच फुटलेलं.
परवा तो रजेवर गेला. मी गादी सरकवली,
तर त्या तीन सुट्या रेघांपुढे
पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, चौथी.
मग आडवी.
मग पुढे त्याच्या स्वतःच्या, खाटेच्या लोखंडापर्यंत.

नव्या साहेबांना सांगायला हवं,
ओल वाढतेय.
यंदा जरा जास्त जागा सोडावी लागेल.