माप

पारोळ्यात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी
माझं दुकान. सहा बाय आठ.
आत खिळ्याला टांगलेली डायरी,
तिच्यात सव्वीस वर्षांच्या बायका.
कोण लग्नात बत्तीस होती, पहिल्या पोरानंतर अडतीस,
नवरा सुरतेला निघून गेला त्या वर्षी चौतीस.
घरच्यांना जे दिसत नाही
ते माझ्या टेपला कळतं.

सुपडाबाई आखाजीच्या तोंडावर आली.
हात वर केला. डाव्या बाजूला टेप अडकली,
सुपारीवरून जावी तशी.
“हे काय?”
“गाठ से. दुखस नही.”
“दाखव कुणाला तरी.”
“दुखस नही, मंग कसाले जाऊ?”

मी काय केलं ते सांगते.
डावी शिवण दोन बोटं सैल सोडली.
झाकलं छान.
तिनं आरशात पाहिलं, म्हणाली, “बरोबर बसनं.”
मी शिलाई घेतली, पूर्ण.

कानबाईच्या वेळी पुन्हा आली,
आणखी एक बोट सोड म्हणाली.
तेव्हा कात्री खाली ठेवली
आणि कोकिळाला फोन लावला.
कोकिळा भोई, आमच्या गल्लीची आशा,
पिशवीत लोहाच्या गोळ्या, गरोदर बायकांच्या याद्या
आणि वितळलेली चॉकलेटं.
ती रागावली नाही, घाबरवलं नाही.
म्हणाली, सकाळी सात दहाची धुळे एसटी. डबा मी आणते.

सुई. रांग. कागद. पुन्हा रांग.
मशीन बंद आहे, सोमवारी या.
सोमवारी सही करणारे साहेब रजेवर.
कोकिळाने अकरा डबे भरले,
अकराही वेळा कळण्याची भाकरी,
कारण सुपडाबाईला दुसरं काही उतरत नव्हतं.

संक्रांतीला ती दुकानाच्या पायरीशी, डोक्याला रुमाल.
“आते एकच बाजू शिव. शिलाई बी निम्मी ले.”
आणि दोघी हसलो, इतक्या की
घड्याळवाला डोकावून गेला.

मग जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणला.
मऊ सुताची पिशवी शिवून भरली.
हलकी झाली, ब्लाऊज एका बाजूने वर चढायचा.
बाजरी मिसळली, तिला किडे झाले.
मोहरी टिकली.
भाजीवाल्या हलीमाच्या काट्यावर तोललं:
तीनशे चाळीस ग्रॅम.
हे काय, हलीमाने विचारलं. मी सांगितलं.
तिनं काट्याचं पारडं पदरानं पुसलं,
बराच वेळ पुसत राहिली.
दुसऱ्या दिवशी दुकानात आली. काही शिवायला आणलं नव्हतं.

आता डायरीत मापाशेजारी मी टिंब देते.
टिंब म्हणजे कोकिळाला सांगायचं.

या वर्षी तपासणी तिनं आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ठेवली.
लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले,
कुणाच्या सासूला विचारायला नको.
माझ्या दुकानाला पडदा, आत सिस्टर,
बाहेर बाकावर सांजोऱ्यांचं ताट.
जी ती पडद्याशी अडायची: पण दुखत नाही हो.
कोकिळा म्हणायची, म्हणूनच तर आज.

एकतीस आल्या. दोघींना चिठ्ठी.
एक धुळ्याला जाऊन आली, साधीच गाठ निघाली.
दुसरी सासरी गेली, फोन उचलत नाही.
तिचं माप आहे माझ्याकडे. छत्तीस.
कोकिळा म्हणते, गाव सापडलंय, रविवारी जाऊ,
ब्लाऊज द्यायला आलो म्हणून.
तो मी काल रात्री शिवला.

संध्याकाळी दिवा लावला, चिंध्या गोळा करत होते.
कोकिळाने माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली.
“तुझं माप कोण घेतं गं?”

सव्वीस वर्षांच्या डायरीत माझं पान नाही.

“हात वर कर.”

बोटातलं अंगुस्तान काढायचं राहिलं.
तसाच वर केला.