आठवी प्रत

डोंगरे मैदान, स्टॉल सदतीस.
मागच्या जाळीला एस-हुकांवर मूळ चित्र,
खाली भाजीच्या क्रेटमध्ये उभ्या
त्याच चित्राच्या पन्नास प्रती.
चित्राला अठरा हजार, प्रतीला साडेतीनशे.

सातपूरच्या छापखान्यात आहेर म्हणाला होता,
"मॅडम, दोन्ही शेजारी लावू नका,
स्वस्त जवळ असलं की महागाचं तोंड पडतं."
मी लावलं.
चार दिवसांचं भाडं बारा हजार,
आणि मूळ चित्र भाडं काढत नाही,
ते फक्त माणसं थांबवतं.
थांबलेली माणसं वाकून क्रेटमध्ये हात घालतात.

"हे हातानं काढलंय की छापलंय?"
हे हातानं. हे छापलेलं, सही तेवढी हातानं.
"मग फरक काय?"
"सतरा हजार साडेसहाशे,"
शेजारचा दातरंगे म्हणाला, मातीचे कप पुसता पुसता.

मी कागदाबद्दल सांगत बसले,
रामकुंडाच्या खालच्या अंगाला
सकाळी सहाला डब्यात घेतलेल्या पाण्याबद्दल,
त्यातच कालवलेल्या निळ्याबद्दल.
गंगेचं पाणी म्हटल्यावर एक बाई
चित्राला नमस्कार करून पुढे गेली.

नारोशंकराच्या कळसाशेजारी, आभाळात,
एक ठिपका आहे.
ओल्या रंगात वाऱ्यानं आणून बसवलेला वाळूचा कण.
तेव्हा काढला असता तर निळा फाटला असता.
स्कॅनरनं त्याची सावलीसुद्धा उचलली.

सातवी-आठवीतली एक मुलगी
प्रतीवरचा तो कण नखानं खरवडत राहिली.
निघेना.
आई म्हणाली, "डाग नसलेली दाखवा ना."
होत्या तेवढ्या सगळ्या काढून दाखवल्या.
"सगळ्यांवर? एकाच जागी?"
"मग डाग नाहीये तो," मुलगी म्हणाली,
"तो राहतो तिथं."
सातवी प्रत गेली.
त्या उलथापालथीत आठवीचा कोपरा दुमडला.

रविवारी संध्याकाळी बोरस्ते आले,
त्र्यंबक रोडला नवं हॉटेल.
मोबाइलवर सोफ्याचा फोटो काढून
चित्राशेजारी धरला, मान हलवली.
बबलरॅप गुंडाळण्याआधी
मी आभाळावरून बोट फिरवलं.
टोचला.

घरी भिंतीवर एक चौकोन होता,
बाकीच्या भिंतीपेक्षा नवा.
कुणी न घेतलेली आठवी मी तिथं लावली,
चार टाचण्यांवर, बिनचौकटीची.
बोटभर लहान पडते, कडेनं नवी भिंत दिसते.

मोरेश्वर चहा घेऊन आला.
"गेलं नाही होय?"
गेलं, म्हटलं.
त्याला पटलं नाही.
कप माझ्या हातात दिला,
चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ गेला
आणि नखानं
खरवडून बघू लागला.