टोपाला टोपडं

बर्फाच्या गोदामामागे असगरभाईंनी
पेट्यांचं जुनं अस्तर फेकलं होतं,
चंदेरी, पोटात बुडबुडे, कडांना सुरमईचा वास.
नेऊ का, विचारलं.
ने की, म्हणाले, पण हे गार ठेवायचं असतं,
तुला तर जेवण गरम हवंय.
म्हटलं, त्याला कुठं कळतंय आत काय आहे ते.
त्याला एवढंच ठाऊक,
आतलं आत, बाहेरचं बाहेर.

दोनदा साबणाने धुतलं, एकदा लिंबाने.
मांजर तरी दारात बसून राहिलं,
काम असलेला नातेवाईक बसतो तसं.

आधी वर्तमानपत्र कापलं.
टोप उभा ठेवून पेन्सिल फिरवली,
बोटभर जास्त धरलं,
आणि तरीही पहिलं टोपडं तोकडंच झालं.
दुसरं इतकं सैल, की टोप आतमध्ये
उसन्या कोटातला नवरदेव.
चिकटपट्टी इथल्या हवेत धरत नाही.
रात्री लावलेली सकाळी ओली होऊन सुटते.
मग दाभण घेतलं, जाळ्याचा नायलॉन घेतला,
काठाकाठाने टाचत गेले.

झाकणापुरती वेल्क्रोची पट्टी हवी होती.
घरात एकच होती,
अण्णांच्या रक्तदाबाच्या पट्ट्याला.
दोन वर्षं कपाटात, दंडावाचून.
उसवताना करकरली.
थांबले.
मग उरलेली उसवली.

बंदरावर मी लिलावाचा हिशेब लिहिते.
पाटी, टोपली, टन.
ग्रॅम माझ्या वहीत कधी उतरलाच नव्हता.
टोपडं घेऊन सोनाराकडे गेले.
चांदी बघून त्याने चष्मा चढवला,
हातात घेऊन उतरवला.
एकेचाळीस ग्रॅम, म्हणाला,
घडणावळ धरली नाही.

हे सगळं शमीम नाखवामुळे.
हायस्कुलात कवायत शिकवते.
तिने दात घासायच्या ब्रशाची दांडी अर्धी कापलीय,
टॉवेलचा रुमाल केलाय,
आणि म्हणते, पाठीवर काय घ्यायचं
ते गुडघ्यांना विचारून घे.
हर्णैपासून दाभोळपर्यंत, किनाऱ्याने, पायी.
पाण्याला एक उकळी आली की गॅस बंद,
पुढचं शिजणं टोपड्याकडे.

घरी तीनदा तालीम झाली.
कुळथाची पिठी, दोन आमसुलं, चिमूटभर जवळा.
पहिल्यांदा कोमट, गाठीगाठी.
दुसऱ्यांदा लक्षात आलं, बूड उघडंच राहिलंय,
सगळी ऊब लादीने पिऊन टाकली.
तिसऱ्यांदा तळाला आणखी एक थर.
पाऊण तासाने झाकण काढलं
आणि चष्म्यावर धुकं.
वेळ वहीत मांडून ठेवली,
पापलेटच्या भावाखाली.

लाडघरच्या तांबूस खडकाआड वारा जरा कमी होता.
उकळी आली, गॅस विझला.
टोप टोपड्यात गेला, टोपडं वाळूत.
मग काहीच करायचं नव्हतं.
ढवळायचं नाही, फुंकायचं नाही,
उघडून बघायचं तर मुळीच नाही.
शमीमने बूट काढले. एक खेकडा
चांदीपर्यंत आला, बघून परत गेला.
मी दोनदा हात लावून पाहिला.
बाहेरून गारच.
बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

मग ती पट्टी, करकर,
आणि वाफ थेट तोंडावर.

चमचा दोघींकडेही नव्हता.
वजन वाचवायचं म्हणून
हिने माझ्यावर सोडला, मी हिच्यावर.
दोन शिंपल्या धुऊन आणल्या.
पहिल्याच घोटाला जीभ पोळली.
शमीमने दुसरा घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
म्हणाली, मीठ कमी पडलंय.

समोर एवढा समुद्र,
आणि मीठ कमी.