रकाना : इतर

विडी घरकुलात दुपारी दोनला पत्रे बोलायला लागतात,
तडतड, उन्हाच्या भाषेत.
मी चटईवर माझं शास्त्र मांडते :
लाल झाकणाची डबी, लाकडी चमचा,
तिपाईवर कॅमेरा,
आणि छापील तक्ता. त्यात बाळाला नाव नाही,
नुसता क्रमांक. सत्तावीस.

सत्तावीस म्हणजे लास्या.
अकरा महिने चार दिवस,
खाली दोन दात, वर एक येऊ घातलेला.

मी डबीचं झाकण ओढते आणि मुद्दाम चुकते.
पुन्हा ओढते, पुन्हा हात निसटू देते.
मला एवढंच विचारायचं असतं :
मला न जमलेलं ती जमवून दाखवते का?
म्हणजे हात बघते, की हातामागचं मन?

लास्या डबीला शिवत नाही.
आधी आईकडे बघते.
सगळीच बघतात. अनोळखी वस्तूला
ओळखीच्या चेहऱ्याची परवानगी लागते.
आमच्यात त्याला लांबलचक नाव आहे.
येमूलांच्या घरात नुसतं ‘चूडु’.
बघ.

पण पद्मावतीचा चेहरा सुपात.
फर्म्याभोवती कैची, पानाचा तुकडा, चिमूटभर जर्दा,
वळ, दुमड, सूत.
उद्या सकाळी कारखान्यात हजार न्यायच्यात,
अजून चारशे वीस बाकी,
छाटात किती जातील ते तिथला माणूस ठरवणार.

लास्याला चेहरा मिळत नाही.
मिळतात ती बोटं.
ती माझा चमचा बाजूला सारते
आणि रिकाम्या हवेत
अंगठा बोटावर घासत
काहीतरी वळते.
दुमडते.
शेवटी करंगळी वर,
सूत गुंडाळताना पद्मावतीची होते तशी.

मी हरखले. खोटं कशाला सांगू,
सव्वीस बाळांत असं काही हाती लागलं नव्हतं.
‘बघा, बघा, किती हुशार!’
पद्मावतीनं बघितलं.
कैची मिटली.
‘मॅडम, हिला हे शिकवलं कुणी ओ?’
मग तिचं तिलाच कळलं.

पुढच्या मंगळवारी ती
भिंतीकडं तोंड करून बसलेली, सूप मांडीत.
‘दिसलंच नाही तर येणार नाही की.
तुमच्या पुस्तकात काय हाय?’

पुस्तकात पुष्कळ आहे.
पण मला आठवले वडील, यंत्रमागावरचे जॉबर,
तुटलेला धागा एका हातानं सांधणारे.
ही गाठ पोरीला शिकवायची नाही
असं घरात ठरलं होतं.
माझ्या ओळखपत्राची दोरी गेल्या महिन्यात तुटली.
तीच गाठ.
कधी मारली, आठवतही नाही.

‘माहीत नाही,’ मी म्हणाले.
पहिल्यांदाच खरं बोलल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या मंगळवारी लास्यानं डबी उचलली.
माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं.
डबी फरशीवर घासत, रांगत,
आईच्या शेजारी जाऊन बसली
आणि माझ्याकडे पाठ केली.

कॅमेऱ्यात दोन पाठी.
एक घामानं ओली, परकराच्या नाडीचं टोक बाहेर आलेली,
एक वीतभर.
मग ‘टक्’.
झाकण उघडलं असणार.
काय दिसलं ते मला दिसलं नाही.

यासाठी तक्त्यात चौकट नव्हती.
यशस्वी, अयशस्वी, प्रतिसाद नाही,
आणि तळाशी अर्ध्या ओळीचा ‘इतर’.
तिथे लिहायला लागले, जागा संपली,
कागद आडवा करून समासात गेले.

‘शिकली का काही?’
पद्मावती, मागं न वळता.

मी उत्तर शोधत होते,
तेव्हा पेन धरलेल्या हाताकडं लक्ष गेलं.
करंगळी वर होती.